अंड्याच्या पडद्याआडचे परासरण

परासरण ही संकल्पना विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवण्यासाठी शाळांतून जे मोजके प्रयोग केले जातात, त्यांत कोंबडीच्या अंड्याचा प्रयोग सर्वांत प्रेक्षणीय ठरतो. आम्लात ठेवून कवच विरघळवलेले अंडे साध्या पाण्यात ठेवले की फुगते आणि साखरेच्या दाट पाकात ठेवले की आक्रसून सुरकुतते, एवढाच त्याचा सांगाडा. एनसीईआरटीच्या नववीच्या विज्ञान पुस्तकात अनेक वर्षे असलेल्या कृतीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मिठाचे संहत, म्हणजे दाट, द्रावण वापरून हाच प्रयोग सांगितला आहे, तर विज्ञान प्रदर्शनांत तो टेबलावर टप्पा खाणाऱ्या अंड्याची गंमत म्हणून मिरवतो. गंमत म्हणून त्यात वावगे काही नाही. मात्र त्या अंड्याची वेळोवेळी वजने घेतली तर ते पाठ्यपुस्तकातील दोन ओळींना न जुमानणारे आकडेही देते, आणि परासरण म्हणजे नेमके काय हे त्या आकड्यांवरूनच अधिक स्पष्ट होते.

प्रथम व्याख्या पाहणे आवश्यक आहे. पाण्यात साखर विरघळवली असता पाण्याला द्रावक, साखरेला द्राव्य आणि दोहोंच्या मिश्रणाला द्रावण म्हणतात, आणि द्रावणात द्राव्याचे प्रमाण किती आहे ते त्याची संहती सांगते. दोन भिन्न संहतींची द्रावणे अशा पटलाने विभागली की ज्यातून पाण्याचे रेणू सहज जातात पण द्राव्याचे रेणू जाऊ शकत नाहीत, तर पाणी विरल द्रावणाकडून संहत द्रावणाकडे वाहू लागते. या वाहण्यालाच परासरण असे नाव आहे आणि अशा पटलाला अर्धपार्य पटल म्हणतात. पाण्याचे रेणू वस्तुतः दोन्ही दिशांनी ये-जा करीतच असतात, परंतु जिकडे द्राव्य अधिक तिकडून परत निघणाऱ्या पाण्याचे प्रमाण कमी पडते आणि गोळाबेरीज एका बाजूच्या वाढीत दिसते. संहत बाजूवर बाहेरून पुरेसा दाब दिला तर हा ओघ थांबवता येतो, आणि तो नेमका थांबवण्यासाठी लागणाऱ्या दाबाला परासरण दाब म्हणतात.

या घटनेची पहिली स्पष्ट नोंद १७४८ सालची असून ती फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ जाँ-आंत्वान नोले याची आहे. नोले परासरण शोधत नव्हता. द्रवांच्या उकळण्याविषयीच्या प्रयोगांसाठी त्याला मद्यार्क हवेच्या संपर्कापासून दूर ठेवायचा होता, म्हणून त्याने मद्यार्काने भरलेल्या भांड्याचे तोंड ओल्या मूत्राशयाच्या कातड्याने घट्ट बांधून ते भांडे पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी कातडे घुमटासारखे फुगलेले आढळले आणि त्याला टोचताच आतल्या द्रवाची चिळकांडी उडाली. त्यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ या निरीक्षणाकडे फारसे कोणी वळले नाही. १८२६च्या सुमारास आंरी द्यूत्रोशे या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या आतड्यांची व मूत्राशयांची पटले वापरून पाण्याचे आत येणे आणि बाहेर जाणे यांचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि आजच्या पाठ्यपुस्तकांतील अंतःपरासरण व बहिःपरासरण ही जोडी त्याच्याच मांडणीतून आलेली आहे.

तथापि प्राण्यांची कातडी पटले पूर्णपणे अर्धपार्य नसतात, त्यांतून थोडेफार द्राव्यही पाझरते, आणि त्यामुळे त्यांवरून घेतलेली दाबाची मोजमापे भरवशाची ठरत नसत. ही अडचण जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर याने दूर केली. मॉरिट्झ ट्राउब याने १८६७मध्ये कॉपर फेरोसायनाइड या संयुगाचे कृत्रिम पटल तयार केले होते. फेफरने तेच पटल सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीत बसवले, जेणेकरून दाबाने ते फाटू नये, आणि १८७७मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साखरेच्या द्रावणांचे परासरण दाब नोंदवले. अवघ्या १ टक्का साखरेच्या द्रावणाचा दाब पाऱ्याच्या ५३ सेंटिमीटरहून उंच स्तंभाला तोलणारा निघाला. याच आकड्यांवरून डच रसायनशास्त्रज्ञ याकोबुस हेन्रिकस व्हान्ट हॉफ याने दाखवून दिले की विरल द्रावणात परासरण दाब हा द्राव्य कोणते आहे यावर अवलंबून नसून त्याचे किती कण आहेत यावर आणि तापमानावर अवलंबून असतो. १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्याला मिळाले, त्यात या कामाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ज्या दोषामुळे फेफरला प्राणिज पटले टाकून द्यावी लागली, तोच दोष असलेले पटल शाळेतला विद्यार्थी अंड्याच्या रूपाने हाती घेतो, आणि या प्रयोगाचे पुढचे सारे गमक याच गोष्टीत आहे.

अंड्याची रचना त्यासाठी नीट लक्षात घ्यावी लागते. सुमारे ५५ ते ६० ग्रॅम वजनाच्या अंड्यात कवच ५ ते ६ ग्रॅमचे असते, त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते, आणि त्याचा ९४ टक्क्यांच्या आसपास भाग कॅल्शिअम कार्बोनेटचा, म्हणजे खडू व संगमरवर यांतीलच घटकाचा असतो. कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून वायूंची देवाणघेवाण होते. कवचाच्या आतल्या अंगाला एकमेकांना चिकटलेली दोन पातळ पटले असतात. उकडलेले अंडे सोलताना नखाखाली येणारा पांढरा पापुद्रा तो हाच, आणि अंड्याच्या बोथट टोकाला ही दोन पटले एकमेकांपासून सुटून त्यांच्यामध्ये हवेची पोकळी तयार होते. त्यांच्या आत पांढरा बलक असतो, ज्यात जवळपास ८८ टक्के पाणी आणि सुमारे १० टक्के प्रथिने असतात, आणि मध्यभागी स्वतःच्या वेगळ्या पटलात गुंडाळलेला पिवळा बलक असतो.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे योग्य ठरेल. अंडे म्हणजे एक मोठी पेशी आणि कवचाखालचा पापुद्रा म्हणजे पेशीपटल, असे वर्गात पुष्कळदा सांगितले जाते. परंतु पेशी म्हणायचीच तर ती फक्त पिवळ्या बलकाला म्हणता येते, आणि पांढरा बलक, पापुद्रे व कवच हे सारे कोंबडीच्या अंडनलिकेत त्या पेशीभोवती नंतर चढवलेले थर आहेत. पापुद्रा हा प्रथिनांच्या तंतूंचा गुंतलेला थर आहे, तर पेशीपटल हा मेदद्रव्यांचा अतिसूक्ष्म दुहेरी थर असतो. पापुद्र्याची तुलना बारीक चाळणीशी करता येईल: प्रथिनांचे अवजड रेणू त्यात अडतात, पाणी निर्वेध जाते, आणि मीठ, साखर, आम्ल यांसारखे लहान कण कमीअधिक वेगाने पार होतात.

प्रयोगाचा पहिला टप्पा म्हणजे कवच उतरवणे. हायड्रोक्लोरिक आम्ल हे काम लवकर करते, पण ते शिक्षकांनीच हाताळावे असे द्रव्य आहे. घरी वा खालच्या इयत्तांत ४ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल असलेले व्हिनेगर पुरते. व्हिनेगरमध्ये अंडे बुडताच त्याच्या सर्वांगावर बारीक बुडबुड्यांची लव उगवते, बुडबुडे साचले की अंडे तरंगून वर येते, काही सुटून गेले की कूस पालटते, आणि अंडे तपकिरी असेल तर वरचा रंग फेसासह सुटून गढूळ तवंगासारखा पृष्ठभागावर जमतो. कॅल्शिअम कार्बोनेट आणि ॲसेटिक आम्ल यांच्या अभिक्रियेतून पाण्यात विरघळणारे कॅल्शिअम ॲसेटेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. सव्वापाच ग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेट संपवण्यासाठी हिशेबाने सव्वासहा ग्रॅम ॲसेटिक आम्ल लागते, म्हणजे ४ टक्क्यांचे व्हिनेगर सुमारे दीडशे मिलिलिटर तरी हवे. वाटीभर व्हिनेगरात कवच अर्धवट राहिले अशी जी तक्रार नेहमी ऐकू येते, तिचे कारण एवढेच असते, आणि दुसऱ्या दिवशी व्हिनेगर बदलणे हा तिच्यावरचा सोपा इलाज आहे. याच अभिक्रियेत सव्वा लिटरच्या आसपास वायू बाहेर पडतो, म्हणून बरणीचे झाकण घट्ट लावून ठेवणे धोक्याचे आहे.

साधारण दोन दिवसांनी उरलेला खडूसारखा थर पाण्याखाली हलक्या बोटाने पुसून काढला की हातात एक ताणलेले, लवचीक, अर्धपारदर्शक अंडे येते. उजेडासमोर धरले तर आत पिवळ्या बलकाची सावली फिरताना दिसते. पुष्कळदा प्रयोग येथूनच सुरू झाला असे मानले जाते, आणि तेथेच एक महत्त्वाची गोष्ट नजरेतून सुटते. कवच गेल्यामुळे या अंड्याचे वजन पाच-सहा ग्रॅमने घटायला हवे होते, पण काट्यावर ठेवले तर ते मूळच्या सकवच अंड्याहूनही जास्त भरते, आणि आकारानेही अंडे ठळकपणे मोठे झालेले असते. म्हणजेच व्हिनेगरमध्ये असतानाच भरपूर पाणी आत शिरलेले असते.

नियमाप्रमाणे असे होऊ नये. ५ टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये दर लिटरला सुमारे ०.८ मोल ॲसेटिक आम्ल असते, मोल म्हणजे रेणूंची संख्या मोजण्याचे रसायनशास्त्रातील एकक. पांढऱ्या बलकात विरघळलेल्या सर्व कणांची गोळाबेरीज केली तरी ती याच्या निम्म्याहून कमी भरते. बाहेरचे द्रावण अधिक संहत आहे, शिवाय विरघळलेल्या कवचाचे कॅल्शिअम ॲसेटेटही त्यात मिसळत आहे, तेव्हा पाणी बाहेर पडून अंडे आकसायला हवे होते, आणि घडते ते अगदी उलटे.

या कोड्याचा उलगडा असा की परासरणाच्या हिशेबात जे द्राव्य पटलापलीकडे जाऊ शकते त्याला फारसे वजन नसते. ॲसेटिक आम्लाचा रेणू लहान असल्याने तो पापुद्र्यातून आत जातो आणि कालांतराने दोन्ही बाजूंना त्याचे प्रमाण जुळत येते. अडकून राहतात ती आतली प्रथिने, आणि पाणी ओढले जाते ते त्यांच्यामुळे. पांढऱ्या बलकातील मुख्य प्रथिन ओव्हाल्ब्युमिन याचे रेणुवस्तुमान सुमारे ४५ हजार आहे आणि साखरेचे ३४२. म्हणून तेवढ्याच वजनाच्या साखरेच्या तुलनेत प्रथिनांचे कण सव्वाशेपटींहून कमी असतात आणि त्यांचा परासरण दाब त्याच प्रमाणात क्षीण असतो, पण तो नाहीसा होत नाही, कारण ते कण बाहेर पडू शकत नाहीत. त्यात आणखी एक भर पडते. आम्लात प्रथिनांवर धन प्रभार येतो आणि तो तोलणारे ऋण आयन, म्हणजे प्रभार असलेले कण, मोकळे असूनही प्रथिनांना सोडून जाऊ शकत नाहीत, त्यामुळे आतल्या कणांची संख्या वाढून फुगणे अधिकच होते. अडकलेल्या मोठ्या आयनांमुळे लहान आयनांची वाटणी कशी विषम होते याचा सिद्धान्त फ्रेडरिक डॉनन याने १९११मध्ये मांडला होता. पुढे १९५१मध्ये स्टाव्हरमान या डच शास्त्रज्ञाने प्रत्येक पटल व द्राव्य यांच्या जोडीला एक अंक जोडण्याची रीत घातली: द्राव्य पूर्णपणे अडवले जात असेल तर १, आणि पाण्याइतक्याच सहजतेने जात असेल तर ०. या परावर्तन गुणांकाविना 'विरलाकडून संहताकडे' हा नियम अपुरा आहे, असे स्पष्ट म्हणावे लागेल. आणि तो अपुरेपणा दाखवण्याचे काम काही रुपयांचे अंडे जितके चोख करते तितके दुसरे कोणते शालेय साधन करीत असेल असे वाटत नाही.

साखरेच्या पाकातील निकाल मात्र पाठ्यपुस्तकाप्रमाणेच येतो. साखर पाण्यात अतिशय विद्राव्य आहे, खोलीच्या तापमानालाही पाण्याच्या दुपटीच्या आसपास वजनाची साखर विरघळते, आणि अशा दाट पाकात अंडे तासाभरात ढिले पडू लागते. काचेच्या भांड्याला डोळा लावून पाहिले तर अंड्याच्या कडेने वर चढणाऱ्या, थरथरणाऱ्या पारदर्शक रेषा दिसतात. बाहेर पडलेले पाणी पाकाहून हलके असल्याने वर जात असते, आणि काही वेळाने वरच्या बाजूला पातळ पाण्याचा थरच साचतो. हा थर अंड्याभोवती राहिला तर तेथली संहती घटून प्रयोग मंदावतो, म्हणून पाक अधूनमधून हलक्या हाताने ढवळावा लागतो. दुसऱ्या दिवशी अंडे पिशवीसारखे लोळत असते आणि पापुद्रा पिवळ्या बलकाला बिलगलेला असतो. साखरेचे रेणूही पापुद्र्यातून जाऊ शकतात, परंतु ते पाण्याच्या मानाने फार सावकाश जातात, आणि दरम्यानच्या काळात पाण्याने आपला रस्ता धरलेला असतो.

मिठाच्या द्रावणात चित्र पुसट होते. मिठाचे आयन साखरेच्या रेणूहून पुष्कळ लहान असल्याने ते पापुद्र्यातून लवकर आत शिरतात. आरंभी अंडे आकसते, मग आकसणे मंदावून थांबते, आणि पुढे वजन पुन्हा वाढूही शकते. मिठाच्या पाण्यातील अंडे 'नीट आक्रसले नाही' म्हणून प्रयोग फसला असे समजण्याचे कारण नाही. चुकलेला असतो तो पापुद्रा पूर्ण अर्धपार्य आहे हा समज. एनसीईआरटीच्या कृतीतील पाच मिनिटांनी निरीक्षण करण्याची सूचनाही याच दृष्टीने पाहता येते, कारण तेवढ्या वेळात मिठाला आत शिरायला फारशी सवड मिळत नाही, मात्र तेवढ्या वेळातला फरक डोळ्यांना क्वचितच जाणवतो आणि त्यासाठी ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत अचूक असलेला काटा लागतो.

म्हणून या प्रयोगाचा कणा वजन हाच आहे. एकाच दिवशी आणलेली, शक्यतो सारख्या वजनाची अंडी घ्यावीत, सर्वांची कवचे एकाच वेळी उतरवावीत, प्रत्येकाचे आरंभीचे वजन टिपून ती ०, १०, २०, ३० आणि ४० टक्के साखरेच्या द्रावणांत ठेवावीत, आणि दर दहा मिनिटांनी बाहेर काढून, टिपकागदाने अलगद कोरडी करून पुन्हा तोलावीत. टिपण्यात ढिलाई झाली तर वर चिकटलेल्या द्रवाचे वजनच परासरणाच्या नावावर जमा होते. अंडी नेमकी एकसारखी कधीच नसतात, म्हणून वाढ ग्रॅममध्ये न मांडता टक्केवारीत मांडावी: ७२ ग्रॅमचे अंडे ७५.६ ग्रॅम झाले तर वाढ ५ टक्के. आडव्या अक्षावर साखरेची संहती आणि उभ्या अक्षावर वजनातील टक्केवारी घेऊन आलेख काढला असता रेषा एके ठिकाणी शून्याला छेदते, आणि त्या संहतीचे द्रावण अंड्याशी समपरासारी, म्हणजे पाण्याची आवक-जावक सारखी ठेवणारे, असल्याचे कळते. त्याहून विरल ती अवपरासारी आणि संहत ती अतिपरासारी द्रावणे होत. येथेही एक सावधगिरी हवी: व्हिनेगरात फुगलेल्या अंड्याचा आतला द्रव आधीच विरल झालेला असल्याने ही संहती ताज्या अंड्याची म्हणून सांगता येत नाही. साध्या पाण्यात रात्रभर राहून गच्च ताणलेले अंडे मोरीवर धरून टाचणीने टोचले तर नोलेच्या कातड्यातून उडाली तशीच चिळकांडी उडते. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जीवाणू असू शकतात, तेव्हा हाताळल्यावर साबणाने हात धुणे आणि प्रयोगातील अंडी न खाणे हे निक्षून सांगावे लागते.

या ज्ञानाचा व्यवहारातील पसारा मोठा आहे. शिरेतून देण्याचे सलाइन ०.९ टक्के मिठाचे असते, कारण ते रक्ताशी जवळपास समपरासारी असते. निव्वळ पाणी दिले तर लाल रक्तपेशी फुगून फुटतील. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात अतिसिंचन आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे क्षारपड झालेल्या जमिनीत मुळांभोवती ओल असूनही पीक तहानलेले राहते, त्याचे एक मुख्य कारण मातीतील पाण्यात साचलेले क्षार मुळांकडे येणारे पाणी अडवून धरतात हेच आहे. मोरावळा करताना आवळे टोचून, वाफवून मगच पाकात टाकतात, तेही उगाच नव्हे. वाफेने पेशींची पटले निकामी झाल्यामुळे साखरेला आत वाट मिळते, एरवी कच्चा आवळा दाट पाकात पाणी गमावून चिवट आणि सुरकुतलेला होतो.

ज्या शाळांत अंडे आणणे गैरसोयीचे असते तेथे बटाट्याच्या सारख्या मापाच्या फोडी वापरल्या जातात, आणि एका अर्थी त्या अधिक चोख आहेत, कारण तेथे पाणी खऱ्या पेशीपटलातून जाते. त्या पटलात पाण्याच्या रेणूंसाठी प्रथिनांचे स्वतंत्र मार्ग असतात, ज्यांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. साखर आणि मीठ दोन्ही हे पटल चांगल्या प्रकारे अडवते, त्यामुळे मिठाच्या द्रावणात बटाट्याची फोड तासा-दोन तासांत लुळी पडते आणि तेवढ्या वेळात अंड्यासारखी मीठ मुरवून सावरत नाही. उकडलेल्या बटाट्याची फोड शेजारच्या चंचुपात्रात ठेवली तर पटले निकामी झाल्यामुळे तिच्यात तसा बदल दिसत नाही, आणि म्हणून ती या प्रयोगाची उत्तम तुलना-फोड ठरते.